हरलेल्या मॅचची संघनिवड तपासायची तर: 'वॉच एएफएल' कोल्हापुरातून वापरताना

शाहू स्टेडियमवर मॅच संपली की पेठेत पुढं दोन दिवस एकच विषय असतो. ह्याला का खेळवला, त्याला बाहेर का बसवला? या वादात दम असतो, कारण गॅलरीतून सगळं मैदान नजरेत येतं. चेंडू डाव्या बगलेला असताना उजवा बॅक कुठं उभा होता, हे डोळ्यांनी बघितलेली माणसं गल्लीगल्लीत भेटतात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे एएफएल, बघणाऱ्या कोल्हापूरकराची अडचण नेमकी इथं होते. आपला आवडता संघ हरला की तो त्याच तावातावानं निवडीवर बोलायला लागतो, पण त्यानं बघितलेलं असतं कॅमेऱ्यानं दाखवलं तेवढंच. 'वॉच एएफएल' ही लीगची ऑस्ट्रेलियाबाहेरच्या प्रेक्षकांसाठीची अधिकृत स्ट्रीमिंग सेवा आहे. तिच्यातून संघनिवडीच्या वादाला किती पुरावा मिळतो, तो कसा काढायचा आणि तो कुठं अपुरा पडतो, एवढ्याच अंगानं हे परीक्षण आहे.

सेवेत मॅच थेट दिसतात आणि नंतर पूर्ण लांबीचे रिप्ले मिळतात. वर्गणीचे पैसे वसूल होतात ते रिप्लेमधून, हे ठाम मत. नुसते गोल बघायचे असतील तर लीगच्या यूट्यूब चॅनेलवर झलका फुकट असतात, त्यासाठी खिशात हात घालू नका. मात्र झलका बघून निवडीवर बोलू नका. झलकेत गोल मारणारा दिसतो. त्याला मोकळा सोडणारा बॅक दिसत नाही, त्याआधी सेंटरला उडी हरलेला रक (उंच उडी मारून चेंडू आपल्या माणसांकडं ढकलणारा खेळाडू) दिसत नाही, आणि तीन वेळा धावून जागा मोकळी करून देणारा, पण एकदाही चेंडू न मिळालेला फॉरवर्ड तर अजिबातच दिसत नाही.

वेळेचं गणित आपल्या सोयीचं आहे. मार्चमधल्या फेऱ्यांना मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं असतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात आणि मग मोसम संपेपर्यंत फरक साडेचार तासांचा राहतो. म्हणजे तिथली दुपारी पावणेदोनची मॅच आपल्याकडं सकाळी सव्वानऊला, आणि रात्री साडेसातची दुपारी तीनला. पर्थ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढं आहे. ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, अलीकडं तिथल्या दुपारी अडीचला, म्हणजे आपल्या सकाळी दहाला. आपला स्थानिक हंगाम पावसाच्या तोंडावर आटोपतो आणि तिकडं मोसम ऐन भरात येतो. जून ते सप्टेंबर फुटबॉलविना काढणाऱ्यांना हा मोठाच आधार. अडचण फक्त गुरुवारी-शुक्रवारी होणाऱ्या मॅचची. ती आपल्या कामाच्या वेळेत येते, त्यामुळं रिप्लेच बघावा लागतो. तसा बेत असेल तर सकाळीच स्कोअरच्या सगळ्या सूचना बंद करा. थेट बघतानाही त्या बंदच ठेवलेल्या बऱ्या, कारण स्ट्रीम मैदानापेक्षा मागं असते आणि गोलची बातमी फोनवर आधी येऊन पडते.

इंटरनेटचा हिशेब आधी करा. 5 एमबीपीएसच्या स्ट्रीमला तासाला सव्वादोन जीबी लागतात. क्वार्टर 20 मिनिटांचा असतो, पण चेंडू थांबला की घड्याळ थांबतं, त्यामुळं प्रत्यक्षात तो अर्ध्या तासाच्या आसपास जातो. त्यात मधल्या सुट्ट्या 6, 20 आणि 6 मिनिटांच्या. एकूण अडीच तास आणि साडेपाच जीबी. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर दुसऱ्या क्वार्टरच्या आसपासच कारभार आटोपतो. घरी फायबर असेल तरच या सेवेचा विचार करा. पावसाळ्यात लाइट गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावून घेतलेला चांगला.

पैसे भरताना दोन ठिकाणी गाडी अडते. नव्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करायचा आणि मर्यादा वर्गणीच्या रकमेपेक्षा थोडीच जास्त ठेवायची. दुसरं म्हणजे, दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ई-मँडेट, म्हणजे आधी दिलेली ऑनलाइन संमती, लागतो. तो नसला की परदेशी हप्ता बँकेकडून नाकारला जाण्याची शक्यता असते. मॅच सुरू व्हायला पाच मिनिटं असताना हे कळून उपयोग नाही, म्हणून नूतनीकरणाची तारीख आदल्या आठवड्यातच बघून ठेवा. परदेशी व्यवहारावर बहुतेक कार्डं दोन ते साडेतीन टक्के आकार लावतात, तोही किमतीत धरा. मासिक घ्यायची का वार्षिक, हे ठरवायला महिन्याच्या दराला सातनं गुणा, कारण पुरुषांचा मोसम मार्च ते सप्टेंबर असा सात महिन्यांचा असतो. आलेला आकडा वार्षिक दरापेक्षा कमी असेल तर मासिकच बरी.

आता मूळ विषयाकडं. निवडीचा वाद सुरू होतो संघाच्या यादीवरून, आणि निम्म्या वादांचा पाया यादी नीट न वाचल्यामुळं चुकतो. यादी साधारण गुरुवारी संध्याकाळी जाहीर होते, म्हणजे आपल्या दुपारी. गुरुवारीच मॅच असेल तर आदल्या दिवशी. रविवारच्या मॅचसाठी आधी मोठी यादी येते आणि नंतर ती छाटली जाते, त्यामुळं रविवारच्या संघावर गुरुवारीच भांडण सुरू करण्यात अर्थ नाही. लीगच्या संकेतस्थळावर आत आलेले आणि बाहेर गेलेले खेळाडू कारणासकट दिलेले असतात. वगळला, दुखापत, विश्रांती, बंदी ही चार कारणं वेगवेगळी आहेत आणि कोचला जाब विचारता येतो तो पहिल्या व तिसऱ्या कारणाबद्दलच. डोक्याला मार लागून कन्कशन ठरलेल्या खेळाडूला किमान 12 दिवस खेळता येत नाही. म्हणजे शनिवारी मार लागला की पुढचा शनिवार गेलाच. 'त्याला का काढला' असं त्याच्याबद्दल विचारायला जागाच नाही.

पाठीवर नावं नसतात, नुसते आकडे. मैदानावर एका वेळी दोन्हीकडचे मिळून 36 जण. म्हणून आपल्या संघाची नंबरवार यादी कागदावर काढून टीव्हीशेजारी ठेवा. हे साधं काम जे करत नाहीत, त्यांना गोल मारणारे चार-पाच जणच ओळखू येतात आणि मग उरलेल्या सगळ्यांवर 'दिसलाच नाही' असा शिक्का बसतो.

दिसला नाही, याचं पहिलं कारण मैदानाचा आकार. शाहू स्टेडियमवरचं फुटबॉलचं मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड साधारण 160 मीटर लांब आणि 141 मीटर रुंद आहे. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूच्या मागं जातो आणि बाकीचं मैदान चौकटीबाहेर राहतं. क्लबच्या कोचकडं गोलपोस्टमागून उंचावरून घेतलेलं पूर्ण मैदानाचं चित्रण असतं. वर्गणीदाराला ते मिळत नाही, आणि या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव हीच. त्यात प्रक्षेपणकर्त्याचा दोष नाही. बहुतेक प्रेक्षकांना चेंडूच बघायचा असतो. पण निवडीवर बोलायचं तर हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं की विंगवरचा खेळाडू बचावाला परत धावला की नाही, हे टीव्हीवरून सांगता येत नाही. तशी छातीठोक विधानं करू नयेत.

तरी रिप्लेमधून बरंच काढता येतं. प्रत्येक गोलनंतर खेळ सेंटरवरून सुरू होतो आणि 2019 पासून त्या वेळी दोन्ही संघांना सहा-सहा-सहा अशी मांडणी ठेवावी लागते. सहा पुढच्या, गोलसमोर आखलेल्या 50 मीटरच्या कमानीत, सहा मागच्या, आणि मध्ये सहा, त्यातले चौघे सेंटरच्या चौकोनात. तिथं रिप्ले थांबवा आणि चौकोनातल्या चौघांचे नंबर लिहून घ्या: एक रक आणि तिघे मिडफिल्डर. अशा सुरुवाती होतात जास्तीत जास्त एकूण गोल अधिक चार (चार क्वार्टरांच्या आरंभीच्या) इतक्या. 2024 च्या ग्रँड फायनलमध्ये ब्रिस्बेननं 18 आणि सिडनीनं 9 गोल मारले, म्हणजे जास्तीत जास्त 31 थांबे. पाऊण तासात काम होतं. 'अमक्याला मिडफिल्डला खेळवायला पाहिजे होता' असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा तो किती वेळा चौकोनात होता आणि त्या वेळी चेंडू कुणी बाहेर काढला, हे या कागदावर असतं. पुष्कळदा असं निघतं की तो होताच, आणि कमी पडत होता तो रक.

दुसरी जागा म्हणजे किक-इन. चेंडू बाजूच्या खांबांमधून जाऊन बिहाइंड, म्हणजे एकच गुण (गोलला सहा), गेला की बचाव करणारा संघ गोलसमोरून चेंडू मारून खेळ सुरू करतो. या वेळी बऱ्याचदा चित्र गोलमागच्या कॅमेऱ्यातून येतं आणि समोरच्या संघानं खेळाडूंची आडवी जाळी कशी लावली ते दोन-चार सेकंद पूर्ण दिसतं. इथंही थांबवा. उंच फॉरवर्ड जास्त घेतलेल्या संघाची जाळी इथं फाटते, कारण ती माणसं जमिनीवरच्या चेंडूमागं वळून धावायला जड पडतात. ओल्या मैदानावर तीन उंच फॉरवर्ड खेळवले म्हणून आरडाओरडा करायचा असेल तर पुरावा गोलच्या आकड्यात शोधू नका, इथं शोधा. किक-इननंतर चेंडू दोन-तीन पासमध्ये थेट दुसऱ्या टोकाला गेला, असं किती वेळा झालं ते मोजा.

आकड्यांसाठी लीगचं ॲप किंवा संकेतस्थळ शेजारी उघडं ठेवावं. तिथले आकडे चॅम्पियन डेटा ही संस्था जमवते. नवखा प्रेक्षक डिस्पोजल, म्हणजे किक आणि हँडबॉल (मुठीनं मारलेला पास) यांची बेरीज बघतो आणि तळातल्या चौघांना काढून टाकतो. निवडीच्या वादात याहून मोठी चूक नाही. फुल बॅकचे डिस्पोजल आठ-दहाच असले तरी त्यानं समोरच्या मुख्य फॉरवर्डला एका गोलवर रोखलं असेल, तर त्याचा दिवस उत्तम गेला. त्याच्यासाठी 'वन पर्सेंटर' बघा, त्यात समोरच्याच्या झेलाआधी मुठीनं चेंडू उधळून लावणं वगैरे धरलेलं असतं, आणि अडवून घेतलेले मार्क, म्हणजे समोरच्या संघाच्या किकवर घेतलेले झेल, बघा. छोट्या फॉरवर्डचं मोल पुढच्या 50 मीटरमधल्या टॅकलमध्ये असतं. रकचे हिट-आउट, म्हणजे उडी मारून हातानं ढकललेले चेंडू, 40 असतील, पण त्यातले आपल्या माणसाच्या हातात पडलेले किती? सेंटर क्लिअरन्स, म्हणजे सेंटरच्या चौकोनातून चेंडू बाहेर काढणं, कुणाचे जास्त? हिट-आउट जास्त आणि क्लिअरन्स कमी असं चित्र निघालं, तर रकचे हात आणि खाली उभे असलेले तिघे यांचा मेळ नाही. एकट्या रकला बदलून भागेल की नाही, हा खरा निवडीचा प्रश्न.

टाइम ऑन ग्राउंडचा, म्हणजे खेळाडू किती टक्के वेळ मैदानावर होता याचा, रकाना तर सगळ्यात आधी बघायचा. 12 डिस्पोजल 85 टक्के वेळात आणि 12 डिस्पोजल 55 टक्के वेळात यांचा अर्थ सारखा नाही. एखाद्याचा आकडा अचानक पडलेला दिसला की आधी दुखापतीची बातमी शोधा. खेळाडू आत-बाहेर बदलायला एका संघाला पूर्ण मॅचमध्ये 75 वेळा इतकीच मुभा आहे, म्हणजे क्वार्टरला सरासरी 19 सुद्धा नाहीत. बाकावरचा एक जण लवकर जायबंदी झाला की उरलेल्यांवर भार पडतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पाय उचलत नाहीत. अशा पराभवाचं खापर कोचच्या यादीवर फोडणं अन्याय्य, मात्र तो जायबंदी झालेला गडी आधीपासूनच अर्धवट बरा असेल तर ते खापर यादीवरच फुटायला हवं.

अर्धवट बऱ्या खेळाडूचा हा प्रश्न समजून घ्यायचा तर 2022 ची ग्रँड फायनल मुळापासून बघावी. त्या सामन्यात दोन्ही क्लबांपुढं एकसारखा पेच होता. जिलाँगनं दुखापतीची शंका असलेल्या मॅक्स होम्सला बाहेर ठेवून मार्क ओ'कॉनरला घेतलं. सिडनीनं जांघेच्या दुखापतीची शंका असूनही सॅम रीडला उतरवलं आणि त्याला मॅच पूर्ण करता आली नाही. निकाल 133-52. पराभवानंतर रीडच्या निवडीवर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण रिप्ले लावला की दुसरंही दिसतं: पहिल्या क्वार्टरअखेरच जिलाँग 35 गुणांनी पुढं होतं. तो क्वार्टर मिडफिल्डमध्ये गेला. रीड तंदुरुस्त असता तरी पुढं चेंडू पोचतच नव्हता. म्हणजे निवड चुकली हे खरं, आणि निवडीमुळं हरले हे खोटं. हा फरक झलकांमधून कधीच कळणार नाही.

सिडनीनं 2024 मध्ये घोट्याच्या दुखापतीचा प्रश्न असलेल्या लोगन मॅकडोनाल्डला फायनलमध्ये घेतलं आणि 120-60 असा पराभव झाल्यावर तोच वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोच जॉन लाँगमायर पायउतार झाले. पुढच्या वर्षी ब्रिस्बेननं हाच पेच वेगळ्या रीतीनं सोडवला. पोटरीच्या दुखापतीतून आलेल्या लॉकी नीलला त्यांनी सुरुवातीला न खेळवता सब (राखीव बदली खेळाडू) म्हणून ठेवलं, उत्तरार्धात वापरलं आणि जिलाँगला 122-75 असं हरवलं. तीनही फायनलचे रिप्ले मिळाले तर याच क्रमानं बघा. 2026 पासून सबचा नियम गेला असून बाकावर पाच जण असतात. त्यामुळं ब्रिस्बेनची ती युक्ती आता जशीच्या तशी चालणार नाही. अर्धवट बरा खेळाडू घेतला की तो पाचातला एक होतो आणि त्याचा भार 75 बदलांच्या हिशेबात उरलेल्या चौघांवर येतो. या मोसमात निवडीचे वाद याच मुद्द्यावर रंगणार.

आणि काही पराभवांत निवडीचा संबंधच नसतो. 2023 च्या फायनलमध्ये ब्रिस्बेननं 13 गोल मारले आणि कॉलिंगवुडनं 12. तरी कॉलिंगवुड 90-86 असं जिंकलं, कारण त्यांचे बिहाइंड 18 होते आणि ब्रिस्बेनचे 8. चार गुणांच्या अशा पराभवानंतर यादीतल्या शेवटच्या खेळाडूवरून रात्र जागवण्यापेक्षा चेंडू पुढच्या 50 मीटरमध्ये कुणाचा किती वेळा गेला, ते आधी बघावं.

सेवा कुणी घ्यावी? ज्याला एका क्लबच्या 23 साखळी मॅच मन लावून बघायच्या आहेत आणि पराभवानंतर तासभर रिप्लेसमोर वही घेऊन बसायची तयारी आहे, त्यानं बिनधास्त घ्यावी. पैसा वसूल आहे. मोठा पडदा हवाच. फोनवर पाठीवरचे नंबर वाचता येत नाहीत, म्हणजे मूळ कामच होत नाही. थांबवून-मागं नेऊन बघण्यासाठी लॅपटॉपला केबलनं टीव्ही जोडणं सगळ्यात सोयीचं, रिमोटनं नेमका क्षण पकडताना फार वेळ जातो. महिन्यातून एखादी मॅच बघणाऱ्यानं घेऊ नये. तालमीत प्रोजेक्टर लावून सगळ्या पेठेला दाखवायचा विचार असेल तर तोही सोडा, ही वर्गणी घरगुती वापरासाठी असते.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं मोसमाच्या सुरुवातीला घाई करू नये. मे महिन्याच्या सुमारास एक महिन्याची घ्यावी. तोवर प्रत्येक क्लबच्या आठ-दहा मॅच झालेल्या असतात, कोच कुणाला कुठं खेळवतो याचा साचा दिसायला लागलेला असतो, आणि आपला संघ हरलेल्या दोन-तीन मॅच तरी रिप्लेमध्ये तयार असतात. त्यातली सर्वांत कमी फरकानं हरलेली मॅच आधी लावा.